एकाच पक्ष्याच्या शंभर स्किन (जपून ठेवलेली कातडी) कशाला ठेवतात? म्युझियममधल्या नमुन्यांवरून उत्क्रांती कळते कशी?

मास्तर_खानापूर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात एका मराठी हायस्कूलला सायन्स शिकवतो. मागं पोरांची सहल कोल्हापूरला नेलती, न्यू पॅलेसमध्ये ते पेंढा भरलेले वाघ वगैरे आहेत ते बघून पोरं लई खूष. येताना गाडीत नववीची एक पोरगी विचारते, सर हे मेलेले प्राणी शास्त्रज्ञांच्या काही उपयोगाला येतात का नुसते बघायला ठेवलेत? मी म्हटलं येतात की, मुंबईला बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), लंडनला, अमेरिकेत कपाटंच्या कपाटं भरून पक्षी-प्राणी ठेवलेत, त्याच्यावरनं उत्क्रांतीचा अभ्यास चालतो. आता एवढं बोलल्यावर पोरगी सोडते होय? तिनं तीन प्रश्न विचारले, तिन्ही चांगले आहेत, आणि तिला पुरं उत्तर मिळावं म्हणून इथं विचारालोय.

एक, जातीचा एक नर आणि एक मादी ठेवली की झालं की, एकाच बुलबुलचे शंभर-शंभर कशाला? दोन, उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं आपणच शिकवतो, मग शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पक्ष्यात काय बदल दिसणार? तीन, आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, रानात जावा, फोटो काढा, आवाज रेकॉर्ड करा, मारायची गरजच काय?

एनसीईआरटीनं २०२३ ला दहावीच्या पुस्तकातनं उत्क्रांतीचा भाग काढून टाकला, म्हणून तर मला जास्त वाटतंय की पोरांना हे नीट कळलं पाहिजे. जमलं तर आपल्या पट्ट्यातली उदाहरणं द्या, बेळगाव, खानापूर, दांडेली, अशी. गॅलापॅगोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांची गोष्ट पोरांना पाठ आहे पण ते फार लांबचं वाटतं त्यांना.


शहापूरची_रेवा

सर नमस्कार. मी मूळची बेळगाव शहापूरची, आता प्राणिशास्त्रात पीएचडी करालेय आणि माझं रोजचं काम स्किनवरच आहे त्यामुळे जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

पहिल्यांदा पोरांना एक गोष्ट वेगळी करून सांगा. पॅलेसमधला वाघ म्हणजे ट्रॉफी. काचेचे डोळे, आत साचा, जबडा उघडा, उभा केलेला. म्युझियमच्या कपाटातली असते ती स्टडी स्किन, आणि ती दिसायला अगदी साधी असते. पक्ष्याचं पोट चिरून मांस, मेंदू, डोळे सगळं काढतात, आत कापूस भरतात, पंख अंगाला मिटवतात, पाय एकमेकाला बांधतात आणि पाठीवर झोपवून ट्रेमध्ये ठेवतात. डोळ्याच्या जागी नुसता पांढरा कापूस दिसतो. सस्तन प्राणी असला तर कातडं वेगळं आणि कवटी वेगळी, पण दोन्हीवर एकच नंबर. जुन्या स्किनला आत आर्सेनिक लावलेलं असायचं, किडा लागू नये म्हणून, त्यामुळे आजही हातमोजे घालूनच हाताळायच्या. कपाट बंद ठेवायचं कारण उजेडानं रंग उडतो.

आणि पायाला बांधलेलं लेबल. सर, जीव त्याच्यात आहे. तारीख, गाव, त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची, नर का मादी (ते बाहेरनं ओळखलेलं नसतं, पोट उघडल्यावर आत वृषण दिसतं का अंडाशय ते बघून लिहितात), वजन, गोळा करणाऱ्याचं नाव. लेबल हरवलेली स्किन कितीही सुंदर असू दे, उत्क्रांतीच्या अभ्यासाला ती जवळजवळ निरुपयोगी, कारण हा पक्षी कुठला आणि कधीचा हेच कळेना तर त्याची तुलना कशाशी करणार?

आता शंभर कशाला. पोरीला सांगा की एक नर आणि एक मादी ठेवली तर "बुलबुल कसा दिसतो" एवढंच कळेल. उत्क्रांती चालते ती एकाच जातीतल्या फरकांवर. सगळे बुलबुल अगदी एकसारखे असते तर निसर्गाला निवडायला काही राहिलंच नसतं. कुणाची चोच अर्धा मिलिमीटर लांब, कुणाचा पंख जरा आखूड, हे फरक एकदोन पक्ष्यांत दिसत नाहीत, त्याला रांगच्या रांग लागते. आम्ही त्याला सिरीज म्हणतो.

ह्याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. १८९८ च्या १ फेब्रुवारीला अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात जोराचं बर्फाचं वादळ झालं. हर्मन बंपस म्हणून प्राध्यापक होते, त्यांच्याकडे त्या वादळात गारठून पडलेल्या चिमण्या आणल्या. एकूण १३६. त्यातल्या ७२ जगल्या, ६४ मेल्या. बंपसनी सगळ्यांची मापं घेतली, लांबी, वजन, पंख, चोच, हाडं, कवटी. जगलेल्या आणि मेलेल्यांच्या मापात फरक निघाला, टोकाच्या मापाच्या चिमण्या जास्त मेल्या असं त्यांनी मांडलं. एका वादळात निवड कशी होते हे त्यातनं दिसलं. त्याहून मोठं काम म्हणजे त्यांनी प्रत्येक चिमणीचे आकडे छापून ठेवले, त्यामुळे शंभर वर्षांनंतरची माणसंसुद्धा नवीन गणितानं तेच आकडे परत तपासू शकली. ही आपलीच घरातली चिमणी बरं का, पोरांना लांबची वाटायची नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ह्यातच आलं. नवीन जाती वेगळ्या व्हायला बहुतेक वेळा लाखो वर्षं लागतात हे खरं, पण जातीच्या आतला बदल आपल्या आयुष्यातसुद्धा मोजता येतो. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये डेव्हिड विलार्ड १९७८ पासून शहरातल्या इमारतींच्या काचांना धडकून मेलेले स्थलांतरी पक्षी उचलून आणायचे आणि मोजायचे. मारलेला एकही नाही. असे ७०,७१६ पक्षी झाले, ५२ जातींचे, २०१६ पर्यंतचे. २०१९ ला त्याचा निकाल छापला तेव्हा दिसलं की पायाचं हाड सरासरी २.४ टक्के आखूड झालंय, म्हणजे अंग लहान व्हालंय, आणि पंख मात्र १.३ टक्के लांब झालेत. तापमान वाढलं तसं अंग लहान होत गेलं असं त्यांनी मांडलंय. ह्यातला किती बदल जनुकातला आणि किती वाढीच्या काळातल्या परिस्थितीचा, ते वेगळं करायचं काम अवघड आहे, हे पोरांना आवर्जून सांगा कारण तेही सायन्सच आहे. पण रोज सकाळी खाली पडलेला पक्षी उचलून लेबल लावायचं काम केलं नसतं तर हा प्रश्न विचारायलासुद्धा जागा नव्हती.


चंदगडचा_रानगडी

रेवाताई, माहिती चांगली दिलीसा, पण तो तिसरा प्रश्न, मारायची गरजच काय, मला काही सोडत नाही. साहेब लोकांनी त्या काळात बंदुका घेऊन आमच्या रानातनं हजारो पाखरं मारली, पेटीत भरून विलायतेला नेली, आणि आज आपण त्याला अभ्यास म्हणायचं? माझे आजोबा सांगायचे, शिकारीला आलेला साहेब मेलेलं पाखरू हातात घेऊन त्याचं वर्णन वहीत लिहायचा. आज माझ्या पोराकडं मोबाइल आहे, तिलारीच्या रानात धनेशाचा फोटो काढतो, आवाज काढतो, ॲपवर टाकतो. आणखी काय पाहिजे?


कॅम्पातला_वाचक

रानगडी, तुमची तळमळ मला पटते, आणि त्या काळात अतिरेक झाला हेही खरं. पण फोटो आणि आवाज पुरतो का ह्यावर एक अशी गोष्ट आहे की जिचा धागा आपल्या बेळगाव कॅम्पपर्यंत येतो. मी निवृत्तीनंतर जुनी पक्ष्यांची टिपणं वाचत असतो, त्यातनं सांगतो.

इंग्रजांच्या लष्करात कॅप्टन ई. ए. बटलर म्हणून होते, काही काळ बेळगावला पोस्टिंग होतं. आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या घरट्यांची त्यांची टिपणं आजही वाचायला मिळतात, खाली गावाचं नाव बेळगाव. हे सगळं ते पाठवायचे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमना. होय, तेच ह्यूम, १८८५ च्या काँग्रेस स्थापनेतले. शिमल्याला त्यांच्याकडे पक्ष्यांचा प्रचंड संग्रह होता. पुस्तकासाठी वर्षानुवर्षं लिहिलेली टिपणं नोकरानं रद्दीत विकली, त्यानंतर त्यांचं मनच उडालं आणि त्यांनी सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, कातडी आणि अंडी मिळून ८० हजारांच्या आसपास नमुने. ते आज लंडनजवळ ट्रिंग गावात, म्युझियमच्या पक्षी विभागात आहेत.

तर बेळगावला यायच्या आधी बटलरनी मकरान किनाऱ्यावरच्या (आताच्या पाकिस्तानातल्या) ओरमाऱ्याहून आलेलं एक घुबड ह्यूमना पाठवलं होतं. ह्यूमनी १८७८ ला त्याला बटलरचंच नाव दिलं, बटलरी (आताचं पूर्ण नाव स्ट्रिक्स बटलरी). पुढं सव्वाशे वर्षांहून जास्त काळ इस्राएल, इजिप्त, अरबस्तान इकडच्या वाळवंटी घुबडाला सगळे तेच नाव लावत आले. २०१३ ला ओमानच्या हजर डोंगरात काही जणांना वेगळंच ओरडणारं घुबड सापडलं. त्यांनी आवाज रेकॉर्ड केले, फोटो काढले आणि ही नवीन जात म्हणून जाहीर केली, ओमानी घुबड. नमुना घेतला नव्हता.

दोन वर्षांनी, २०१५ ला, दुसऱ्या अभ्यासकांनी ट्रिंगमधलं ह्यूमचं ते मूळ कातडं बाहेर काढलं, मापं घेतली, त्यातनं डीएनए काढला. आणि निघालं काय, तर ओरमाऱ्याचं ते जुनं घुबड म्हणजेच ओमानचं "नवीन" घुबड! म्हणजे बटलरी हे नाव त्याचं, आणि इस्राएलकडच्या ज्या घुबडाला आपण इतकी वर्षं बटलरी म्हणत होतो त्यालाच नाव नव्हतं. त्याला मग हादोरामी असं नवीन नाव द्यावं लागलं. कुठली जात कुठल्या जातीपासून वेगळी झाली, त्यांचं पसरणं कुठून कुठं, हे सगळं त्या एका कातड्यावर येऊन ठरलं. फोटोनं आणि आवाजानं शोध लागला हे मोठंच काम, पण निवाडा कपाटातल्या नमुन्यानं केला.

आणखी एक, लेबल खोटं असलं तर काय होतं ते. आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. रानपिंगळा, म्हणजे फॉरेस्ट आउलेट, १८७३ ला ह्यूमनी त्याचं वर्णन केलं आणि १८८४ नंतर तो कुणाला मिळालाच नाही. फक्त कर्नल माइनर्त्झागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकाचा एक नमुना होता, लेबलवर १९१४, गुजरातेतलं मांडवी. लोक तिकडं शोधून दमले. मग पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी ते कातडं बारकाईनं तपासलं, एक्सरे काढला. तेव्हा कळलं की तो जेम्स डेव्हिडसननी खानदेशात गोळा केलेला जुनाच पक्षी, म्युझियममधनं चोरलेला, परत नव्यानं भरून वर खोटं लेबल लावलेलं. ते लेबल बाजूला ठेवल्यावर रासमुसेन बाईंनी खऱ्या जुन्या लेबलांवरची गावं धरून शोध घेतला आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत समोर बसलेला. ११३ वर्षांनी. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता.


शहापूरची_रेवा

काका फार छान लिहिलंत. रानगडी दादा, तुमच्या मुलाचे धनेशाचे फोटो उपयोगाचेच आहेत, तो पक्षी कुठं कधी दिसला हे त्यातनं कळतं, ते काम म्युझियमला जमत नाही. पण फोटोतनं कवटीचं माप निघत नाही, दात मोजता येत नाहीत, पोटात काय खाल्लं होतं ते कळत नाही, पिसातलं रसायन तपासता येत नाही. इंग्लंडमध्ये डेरेक रॅटक्लिफनी १९६७ ला दाखवलं की ससाण्यांच्या अंड्यांची कवचं दुसऱ्या महायुद्धानंतर एकदम पातळ झाली, त्यामागं डीडीटी निघालं. ते कळलं कारण जुन्या छंदी लोकांनी जमवलेली अंडी पेट्यांत शिल्लक होती. अंडी जमवणाऱ्याच्या डोक्यात कीटकनाशक नव्हतंच, डीडीटी तेव्हा वापरातच आलं नव्हतं.

डीएनएचंही तसंच. क्वागा म्हणून झेब्र्यासारखा प्राणी होता, शेवटचा १८८३ ला ॲमस्टरडॅमच्या झूमध्ये मेला (योगायोग म्हणजे बीएनएचएसची स्थापनाही १८८३ ची). १९८४ ला म्युझियममधल्या एका क्वाग्याच्या कातड्याला चिकटून राहिलेल्या वाळक्या मांसातनं डीएनए वाचला गेला आणि तो झेब्र्याचा किती जवळचा आहे ते कळलं. नामशेष प्राण्याचा डीएनए वाचायची ती पहिली वेळ. आता पक्ष्यांच्या स्किनच्या पायाच्या तळव्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा पुरतो.

आणि सर, तुमच्या पोरांना पॅलेसमधल्या वाघाचंही सांगा. तसल्या जुन्या वाघांच्या कातड्यांतनं आणि हाडांतनं बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए काढला, नमुने ब्रिटनमधल्या म्युझियममधले. २०१३ ला छापलंय. जुन्या वाघांत मायटोकाँड्रियाच्या (आईकडून येणाऱ्या) डीएनएचे जेवढे प्रकार होते त्यातले ९३ टक्के आजच्या वाघांत सापडलेच नाहीत. वाघांची संख्या कमी झाली हे आपल्याला माहीत होतं, पण वाघांच्या आतली विविधता किती गेली ते जुन्या कातड्याशिवाय कधीच कळलं नसतं. पुढं हवामान बदललं, रोग आला तर निवडीला हाताशी असतं ते हेच फरक, आणि तेच गेलेत.

मारण्याबद्दल माझं स्पष्ट मत सांगते. पूर्वीसारखं मारून गोळा करणं आज व्हायला नको, आणि आपल्याकडे होतही नाही, पक्ष्यांच्या कामात बहुतेक जण जाळीत धरून रक्ताचा थेंब किंवा एखादं पीस घेऊन सोडून देतात. तीही परवानगी काढूनच. पण म्हणून जे आधीच कपाटात आहेत त्यांच्याकडे पाठ फिरवणं मला पटत नाही. त्यांचा जीव गेलाय, आता निदान त्यांच्याकडून शिकून घ्यायला पाहिजे.


कणकुंबी_रोड

नमस्कार. मी जंगलाच्या कडेच्या गावातला. सर, आपल्या भागातलं उदाहरण पाहिजे म्हणालात तर तळेवाडीच्या बाजूला बारापेडेच्या गुहा आहेत की. तिथलं वटवाघूळ जगात दुसरीकडं कुठं नाही म्हणून बाहेरचे लोक येत होते बघायला. वनखात्याचे लोक आत सोडत नाहीत. आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणायची आत जाऊ नये, आता कळतंय जाऊ नये तेच बरं. त्याचं कोणी सविस्तर सांगेल काय?


शहापूरची_रेवा

अहो हे तर मी सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, इतकं आपलं आहे ते. रॉटनचं फ्री टेल्ड (मोकळ्या शेपटीचं) वटवाघूळ, ओटोमॉप्स रॉटनी. आपल्या खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेतल्या नमुन्यांवरनं लंडनच्या म्युझियमचे ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ ला ही जात जाहीर केली. बीएनएचएसचं देशभर सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण चाललं होतं तो हा काळ, १९११ पासून १९२३ पर्यंत. नाव दिलं रॉबर्ट रॉटन यांचं, ते वनखात्यात होते आणि त्या सर्वेक्षणाचे अहवाल लिहायचे.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं जगात ह्या वटवाघळाचा माहीत असलेला पत्ता एकच, बारापेडे. मग २००० च्या आसपास एक कंबोडियात सापडलं, आणि पुढं मेघालयातल्या गुहांत. म्हणजे आता "जगात दुसरीकडं कुठंच नाही" असं म्हणता येत नाही, पण त्यानं गुहेचं महत्त्व कमी होत नाही. उलट उत्क्रांतीच्या दृष्टीनं कोडं मोठं झालं. खानापूर, मेघालय आणि कंबोडिया, मधे हजारो किलोमीटर काही नाही, आणि ह्याचे काही नातेवाईक आफ्रिकेत आणि मादागास्करला. मधली वटवाघळं नाहीशी झाली का आपल्याला अजून दिसली नाहीत? कंबोडियात सापडलेलं तेच आहे हे ठरवायचं असेल तर मिळवून बघायचं कशाशी? बारापेडेच्या जुन्या नमुन्यांशीच, कारण वटवाघळं ओळखतात कवटीवरून आणि दातांवरून, उडताना बघून नाही.

वटवाघळांचंच आणखी एक. १९४८ ला अँगस हटन यांनी तमिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरातनं एक फळखाऊ वटवाघूळ पाठवलं, बीएनएचएसमध्ये ते नेहमीच्या आखूड नाकाच्या वटवाघळाच्या नावानं कपाटात गेलं. वीसेक वर्षांनी थायलंडचे कित्ती थोंगलोंग्या तो संग्रह बघत होते, त्यांना दातांत फरक दिसला. नुसती नवीन जात नव्हे, जातीच्या वरचा अख्खा गटच (जीनस) नवीन. १९७२ ला त्याचं नाव ठेवलं लॅटिडेन्स सलीमअलीई. आपले सलीम अली स्वतः लहानपणी एक पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन बीएनएचएसमध्ये गेले होते, तिथले सचिव मिलार्ड साहेबांनी त्यांना ड्रॉवर उघडून पक्षी दाखवले आणि त्यांचं आयुष्यच बदललं, ही गोष्ट पोरांना सांगण्यासारखी आहे.

रॉटनचं आणि सलीम अलींचं, ही दोन्ही वटवाघळं पूर्वीपासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या बरोबरीनं. भीमगड २०११ ला अभयारण्य झालं त्यात ही गुहा येते. गुहेत शिरलं, आवाज केला, टॉर्च मारली की वटवाघळं जागा सोडतात, म्हणून पोरांना घेऊन तिकडं जाऊ नका सर, बाहेरनं भूगोल दाखवा.


मास्तर_खानापूर

तुम्ही सगळ्यांनी जे दिलंय ते मी अख्खं वहीत उतरून घेतलंय. आमच्या शाळेतली दोन-तीन पोरं त्याच भागातनं येतात, त्यांच्या गावाजवळच्या गुहेचं नाव लंडनच्या म्युझियममध्ये आहे हे कळल्यावर काय होईल बघा. आता एक प्रॅक्टिकल विचारतो. आमच्याकडं गोवा रोडवर गाडीखाली येऊन खारी, पाखरं, साप रोज मेलेले दिसतात. पोरं म्हणतात सर आपण ते आणून शाळेत स्किन करूया की, मारायचा प्रश्नच नाही. करता येतं काय?


अनमोड_वनरक्षक

सर, कळकळीची विनंती, करू नका. मी खात्यातला आहे म्हणून सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानातला मेलेला प्राणीसुद्धा सरकारी मालमत्ता आहे, कलम ३९. ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. कातडं, पीस, अंडं, घरटं, काही घरी किंवा शाळेत ठेवता येत नाही. चांगल्या मनानं केलं तरी अडचणीत शाळा येईल. शिवाय मेलेल्या प्राण्यातनं रोग येतात, लहान पोरांच्या हातात ते देऊ नये.

पण एक करता येतं. फोटो काढा, ठिकाण, तारीख, वेळ लिहा, रस्त्याच्या कडेला थांबून (मोठ्या माणसाबरोबर) आणि आम्हाला कळवा. कुठल्या वळणावर जास्त मरतात हे आम्हालाही पाहिजे असतं. रस्त्यावर मेलेल्यांवरूनसुद्धा उत्क्रांतीचं काम झालंय असं ट्रेनिंगमध्ये एका मॅडमनी सांगितलं होतं, अमेरिकेतल्या पाकोळ्यांचं, रेवाताईंना माहीत असेल.


शहापूरची_रेवा

होय होय, नेब्रास्कातल्या क्लिफ स्वॉलो. चार्ल्स ब्राउन आणि मेरी बॉम्बर्गर ब्राउन हे दोघं १९८२ पासून तीस वर्षं त्याच रस्त्यांवर काम करत होते. ह्या पाकोळ्या पुलांखाली मातीची घरटी करतात त्यामुळे गाडीखाली यायच्या. दोघांनी मेलेल्या उचलून त्यांच्या स्किन करून ठेवल्या आणि जाळीत अडकून मेलेल्यांशी त्यांची तुलना केली. पाकोळ्यांची संख्या वाढत गेली पण गाडीखाली मरणाऱ्या मात्र वर्षागणिक कमी झाल्या. आणि मापं बघितल्यावर, रस्त्यावर मेलेल्यांचे पंख बाकीच्यांपेक्षा लांब, आणि सगळ्या थव्याचे पंख हळूहळू आखूड होत चाललेले. आखूड पंखाला रस्त्यावरनं चटकन सरळ वर उठता येतं, झटकन वळता येतं. लांब पंखवाल्या मरत गेल्या. २०१३ ला हे छापून आलं. तीस वर्षांत, सर! त्या पोरीच्या दुसऱ्या प्रश्नाला ह्याच्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

शाळेत हात घालून करायचं असेल तर भुईमुगाच्या शेंगा घ्या. एका शेतातल्या दोनशे, दुसऱ्या शेतातल्या दोनशे. व्हर्नियर कॅलिपरनं लांबी मोजायची, प्रत्येक शेंगेच्या पिशवीवर लेबल, गाव, तारीख, कुणी मोजली. मग फळ्यावर आलेख. पहिल्या दहा शेंगांवर काढलेला आलेख आणि दोनशेवर काढलेला शेजारी शेजारी ठेवा, पोरांना शंभर बुलबुल कशाला ते तोंडानं सांगावं लागणार नाही. मग दोन पिशव्यांची लेबलं काढून मिसळा आणि विचारा, आता कुठली शेंग कुठल्या शेताची?


अथणीचा_श्रीशैल

मास्तर, रेवाक्का, मी अथणीकडचा, घरी कन्नड बोलतो पण शाळा मराठी, म्हणून इथं वाचत असतो. मला एक विचारायचं होतं. आमच्याकडं पाऊस पाचसहाशे मिलिमीटर, सगळं माळरान. खानापूरच्या पश्चिमेला हजारो मिलिमीटर, अंधारं जंगल. एकाच जिल्ह्यात. मग एकाच जातीचा प्राणी दोन्हीकडं असेल तर फरक पडायला पाहिजे की नाही?


शहापूरची_रेवा

श्रीशैल अण्णा, हा प्रश्न म्युझियमच्या कपाटांतनंच पुढं आला. १८३३ ला ग्लोगर नावाच्या जर्मन अभ्यासकानं मांडलं की दमट भागातले प्राणी-पक्षी गडद असतात आणि कोरड्या भागातले फिकट. का, ह्यावर अजून वाद चालू आहे. कुणी म्हणतं गडद जंगलात लपायला सोपं, कुणी म्हणतं गडद रंगद्रव्याचं पीस दमट हवेतल्या जिवाणूंना लवकर खाता येत नाही. आपल्या शेकरूतच बघा, घाटाच्या वेगवेगळ्या भागात वेगळा रंग, आणि वर गुजरातेत डांगच्या जंगलात एक फिकट पांढरट शेकरू होतं, ते आता तिथं दिसत नाही, नमुन्यांवरूनच माहीत आहे.

आपल्या जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे शंभरेक किलोमीटरमध्ये पाऊस इतका बदलतो, ह्या कामाला याहून चांगली जागा शोधून मिळणार नाही. सगळ्यात बरं म्हणजे जीबीआयएफ नावाची साइट आहे, फुकट आहे, जगभरच्या म्युझियमच्या नमुन्यांची लेबलं त्यात आहेत. जागेच्या रकान्यात बेळगाव टाका, पण जुनं इंग्रजी स्पेलिंग घाला, आणि खानापूर, कॅसलरॉक, लोंढा अशी नावंही टाकून बघा. जातीवार यादी निघते, कुठल्या म्युझियममध्ये, कुठल्या वर्षीचा. कॉम्प्युटर लॅब असेल तर पोरांनाच बसवा सर.


मास्तर_खानापूर

सोमवारी लॅब आमच्याकडंच आहे. शेंगाही सांगितल्यात, एक पोरगं नंदगडहून आणतंय, दुसरं बिडीहून. श्रीशैल, तुमच्याकडच्या दोनशे शेंगा एसटीनं पाठवता येतील काय? पिशवीवर गाव आणि तारीख लिहून पाठवा.


अथणीचा_श्रीशैल

पाठवतो की मास्तर. वाण कुठला तेही लिहू काय?


शहापूरची_रेवा

वाण, पेरणीची तारीख, पाणी दिलं का पावसावर, सगळं लिहा. आणि दोन्हीकडं एकच वाण मिळाला तर फार बरं होईल.